टाइमपास म्हणू नका

फाल्गुन लागला की आमच्या पुण्यातल्या सोसायटीत रोज सकाळी सातला धूर निघायचा. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं, बदामाची लालसर मोठाली पानं, आंब्याची चामट पानं, सगळ्यांचा एक ढीग आणि एक काडी. शेजारच्या इमारतीतलं दम्याचं पोर खिडक्या लावून बसायचं. राख गटारात जायची. आणि जूनमध्ये हीच माणसं रोपवाटिकेतून खताच्या पिशव्या विकत आणायची.

याला मी मूर्खपणा म्हणते. याहून सौम्य शब्द मला सापडत नाही.

58 व्या वर्षी सरकारी नोकरी संपली, तेव्हापासून मी ही पानं गोळा करते. गोणी, खराटा, डोक्याला रुमाल. पहिल्याच वर्षी सोसायटीच्या एका पदाधिकाऱ्यांनी विचारलं, "काय काकू, टाइमपास का?" तो शब्द मला अजून बोचतो. टाइमपास म्हणजे वेळ ढकलणं. पानांचं खत करताना वेळ ढकलून भागत नाही, रोज लक्ष द्यावं लागतं.

जाळीचा गोल मातीवर उभा करायचा, फरशीवर नाही. वीतभर पानं, त्यावर शेणकाला किंवा आंबट ताकाचं पाणी, पुन्हा पानं. मूठ दाबली तर हात ओला व्हावा, पाणी गळू नये, एवढीच ओल. जास्त झाली की कुबट वास सुटतो. कमी पडली की पानं वर्षभर तशीच खडखडत राहतात. दहा-बारा दिवसांनी ढीग वरखाली करायचा. पर्जन्यवृक्षाची पानं तीन-चार महिन्यांत विरतात. आंब्याचं पान मात्र हट्टी, ते चुरूनच घालावं लागतं. हे कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही, दोन फसलेल्या ढिगांनी शिकवलं.

आणि ज्या ओल्या कचऱ्याच्या वासाने सगळे हैराण असतात, त्यावरचा उताराही हाच पाचोळा. भाज्यांच्या देठासालांत नत्र जास्त, वाळक्या पानांत कर्ब जास्त. साधारण तीस भाग कर्बाला एक भाग नत्र जमलं की कुजणं नीट चालतं, वास येत नाही. ढिगाच्या पोटात हात घातला तर ऊब लागते. म्हणजे आपण रोगही पाळतो आणि औषधही जाळतो.

गच्चीवरच्या बागेचंही तसंच. "वजनाने स्लॅब गळेल," असं सभेत ठणकावून सांगतात. काळजी रास्त आहे. भिजलेली माती घनमीटरला दीड टनाच्या पुढे भरते. पण कुंडी मातीनेच भरा असं सांगितलं कोणी? मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर पिंपांत आणि पिशव्यांत उसाची चिपाडं भरून भाज्या-फळं पिकवली. कोल्हापूरकडचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे मास्तर. त्यांच्या प्रयोग परिवाराने भरपूर पालापाचोळा आणि थोडी माती यांवर मळे उभे केले. हे सगळं आपल्याच राज्यात, मराठी बोलणाऱ्या माणसांच्या डोळ्यांदेखत घडलं, आणि आपण अजून गच्चीला कुलूप लावून बसलो आहोत.

एका गृहस्थांनी मला कोकणातल्या राबाची आठवण करून दिली. "तिथे भाजावळ करतातच की!" करतात. पण भाताचं रोप जिथे टाकायचं त्याच वाफ्यावर राब भाजतात. तणाचं बी मरतं, राख त्याच मातीत राहते. फाटकापाशी डांबरावर पानं पेटवून त्याला राबाचा आधार देऊ नये. त्याच कोकणात माडा-पोफळीच्या बुंध्याशी पातेरा घालतात, ते का नाही आठवत? आणि कचरा उघड्यावर जाळायचा नाही, बागेचा कचरा आवारात वेगळा साठवायचा, हे 2016 च्या घनकचरा नियमांत स्वच्छ लिहिलेलं होतं. तो कागद मी सभेत वाचून दाखवला. मीटरच्या खोलीमागची चार फूट जागा त्याच दिवशी मिळाली.

सगळ्यात जास्त लाज मला वाटली ती आमच्याकडे झाडायला येणाऱ्या मावशींपुढे. इतकी वर्षं काडी त्यांच्या हातात होती, म्हणून मी त्यांनाच बोल लावत होते. एकदा रागाने विचारलं, तर म्हणाल्या, "काकू, गावाकडं आम्ही ह्यो पाला गुरांखाली टाकायचो, मग उकिरड्यात. पेटवत कुणी नव्हतं. हितं साहेब म्हणले पेटवा." मला जे शिकायला दोन वर्षं लागली, ते त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. त्यांना विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं. मलाही नाही.

गेल्या फाल्गुनात आमच्याकडे काडी ओढली गेली नाही. चौदा गोण्या पानं त्या जाळीत गेली. थर मावशींनी लावले, पाणी मी मारलं. श्रावणात आम्ही दोघींनी मिळून ते चाळलं. तीन गोण्या निघाल्या, काळ्याभोर, हातात भुसभुशीत, पहिल्या पावसासारख्या वासाच्या. पहिलं घमेलं मावशी घेऊन गेल्या. त्यांच्या खोलीच्या दारात तेलाच्या डब्यात एक मोगरा आहे.