चार आण्यांची कसर

आमच्या वाचनालयाच्या दाराशी एक काळा फळा आहे. त्याच्या डोक्यावर ऑइलपेंटनं कायमचं लिहून ठेवलंय, ‘आजचा कार्यक्रम’, आणि खाली खडूनं जे असेल ते. कार्यक्रम उरकला तरी फळा कुणी पुसत नाही, त्यामुळे पुढचा येईपर्यंत मागचाच ‘आजचा’ राहतो. एकदा एक परगावचे गृहस्थ ऐन गणपतीत मराठी भाषा गौरव दिनाच्या व्याख्यानाला येऊन बसले होते. ग्रंथपालबाईंनी त्यांना वर्तमानपत्र दिलं, पंखा लावून दिला. दीड तासानं ते ‘छान झालं’ म्हणत निघून गेले.

तसं आमचं वर्ष ठरलेलं असतं. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रज, १५ ऑक्टोबरला कलामांच्या नावानं वाचन प्रेरणा दिन आणि मध्ये १२ ऑगस्टला रंगनाथन यांच्या फोटोला हार. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. तो नियम समजावून सांगणारं भाषण आमच्याकडे दरवर्षी तासभर चालतं आणि त्यानंतर आभारप्रदर्शन असतं. श्रोते तेच तीस-पस्तीस. कोण कुठल्या खुर्चीवर बसणार हेही ठरलेलं. दिवाळी अंकांच्या वेळी मात्र गर्दी वेगळी असते. १९०९ साली ‘मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा काशीनाथ रघुनाथ मित्रांना कल्पनाही नसेल, की पुढे त्यापायी देवघेवीच्या टेबलाशी सभ्य माणसं एकमेकांना कोपर मारतील.

आमच्या कार्यवाहांना एकच शल्य आहे, वयाचं. वाचनालयानं शंभरी कधीच ओलांडली, पण महाराष्ट्रात या एवढ्या वयाला कुणी विचारत नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८चं, तेव्हाची नेटिव्ह जनरल लायब्ररी. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं. आणि या सगळ्यांना मान खाली घालायला लावणारं रत्नागिरीचं, १८२८चं. म्हणजे पेशवाई बुडून दहा वर्षं होतात न होतात तोच तिथली माणसं वर्गणी भरून वाचायला बसली होती. वयात मात खाल्ली, आता निदान दुर्मीळ संग्रहात तरी नाव काढू, असं कार्यवाहांच्या मनानं घेतलं आणि एके दिवशी फळ्यावर नवी ओळ उमटली: ‘आपल्या घरातील जुने कागद घेऊन या. मोडीचे जाणकार वाचून दाखवतील. चहा आहे.’

शेवटच्या दोन शब्दांमुळे म्हणा किंवा कशामुळे, मला आमची सनद आठवली.

आमच्या घरी एक सनद आहे असं मी लहानपणापासून ऐकत आलोय. निळ्या पत्र्याच्या ट्रंकेत, तळाशी, तांबड्या कापडात बांधलेली. पेशव्यांनी आमच्या पूर्वजाला जमीन इनाम दिल्याची. जमीन गेली कुठे, असं विचारलं की वडील ‘कूळकायदा’ म्हणायचे आणि विषय संपायचा. मोडी फक्त आजोबांना वाचता यायची, पण ट्रंकेला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. वडिलांना मोडीतली फार तर सही ओळखता यायची. आणि मला एवढंच कळतं की ही मोडी आहे, म्हणजे देवनागरी नाही. असा तीन पिढ्यांत आमचा अभ्यास झाला.

ट्रंक उघडली तेव्हा डांबरगोळ्या कधीच्या उडून गेल्या होत्या आणि वेखंडाची पुरचुंडी तेवढी शिल्लक होती. कागद घडीवर फाटत आला होता. मी कॉलेजात असताना त्याला मोठ्या प्रेमानं चिकटपट्टी लावली होती. ती पिवळी पडून तिचा डिंक अक्षरांत उतरला होता.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. आमच्या गावात इतक्या घरांना सनदा होत्या हे मला माहीत नव्हतं. पिशव्यांतून, केकच्या खोक्यांतून, एकाच्या तर प्रेशर कुकरमधून (‘त्यात वाळवी लागत नाही’) कागद आले होते. मोडीचे मास्तर शेजारच्या गावचे, निवृत्त शिक्षक. त्यांनी सुरुवातीला थोडं समजावून सांगितलं. आधी एक आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची. बोरू टेकला की शक्यतो उचलायचा नाही. शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हं नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही नाही. हे शेवटचं ऐकून मागच्या रांगेतून कुणीतरी ‘अरेरे, कशाला बंद केली’ असं मनापासून म्हणालं.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून असेच कागद मिळवत, असं सांगायला कार्यवाह मध्येच उठले. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला आणि एकूण बावीस खंड झाले, हेही त्यांनी सांगितलं. तेविसावा आज आपल्या हॉलमध्ये बसला आहे, असं म्हणून ते माझ्या तांबड्या कापडाकडे बघायला लागले. माझी छाती जरा पुढे आली.

मास्तरांनी कागद उलगडला. चिकटपट्टी पाहून त्यांचा चेहरा असा झाला की मी छताकडे पाहिलं. ‘गव्हाची खळ आणि पातळ कागद लावायचा असतो हो,’ ते हळूच म्हणाले. मग भिंग लावून वाचलं: ‘शके अठराशे चौतीस.’

हॉलमध्ये शांतता. माझ्या शेजारच्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि कानाशी येऊन म्हणाले, ‘पेशवाई तर १८१८लाच गेली ना?’

‘शके,’ मास्तर म्हणाले. ‘अठ्ठ्याहत्तर मिळवा. म्हणजे १९१२. वैशाख.’ आणि पुढची ओळ वाचली: ‘याद आहेराची.’

१९१२ साली आमच्या घरी मुलीचं लग्न झालं होतं. आजोबांची आत्या. खापरपणजोबांनी कोण काय देऊन गेलं ते टिपून ठेवलं होतं, उद्या त्याच्या घरी कार्य निघालं की तेवढं परत करता यावं म्हणून. इनाम नाही, जमीन नाही. होती ती फेड.

मी कागद मागायला हात पुढे केला, पण हॉल तो सोडेना. कारण मास्तर नावं वाचत होते आणि ती नावं समोर बसली होती. ‘सुतार आळी, पाट एक.’ सुतारांच्या सूनबाई पदर सावरून बसल्या. ‘वरची पेठ, खण व नारळ.’ ‘तांब्या पितळी, झाकणासह.’ पितळी तांब्या कुणाचा, तर ज्यांच्याकडे आजही भांडं मागायला गेलं की ‘झाकण जपा’ असं बजावतात, त्यांचाच. व्याख्यानाला ज्यांना झोप लागते अशी चार माणसं पुढे सरकून बसली होती. प्रत्येकाला आपला पणजा किती दिलदार होता ते ऐकायचं होतं.

घोळ झाला तो किराणा दुकानवाल्यांच्या पणजोबांपाशी. जुन्या हिशेबात एक उभा दंड म्हणजे पाव रुपया, दोन दंड म्हणजे अर्धा. मास्तरांनी दोन दंड पाहून ‘आठ आणे’ वाचलं. दुकानवाल्यांनी आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या कापडवाल्यांच्या घरून चारच आणे आले होते. कापडवाले उठून टेबलाशी आले आणि त्यांनी स्वतः भिंग धरलं. दुसरा दंड जरा फिकट वाटतो, असं त्यांचं मत पडलं. अर्धा हॉल टेबलाभोवती गोळा झाला. शेवटी ग्रंथपालबाईंनी एक पांढरं कार्ड आणून कागदाखाली सरकवलं आणि दुसरा दंड नाहीसा झाला. ती शाई नव्हतीच. कसरीनं खाल्लेली बारीक उभी चीर होती, तिच्यातून खालचं काळं टेबल दिसत होतं.

‘चार आणे,’ मास्तरांनी निकाल दिला, ‘आणि कसर.’

दुकानवाले त्या दिवशी चहा न घेता गेले.

सगळ्यात शेवटी खालच्या आळीच्या वैद्यांचं नाव होतं आणि त्यापुढे काहीच नव्हतं. नाव लिहून जागा मोकळी सोडलेली. वैद्यांचे पणतू तिसऱ्या रांगेत बसले होते. ‘विसरले असतील लिहायला,’ कुणीतरी म्हणालं. ‘जेवून गेले असतील,’ दुसरं कुणीतरी म्हणालं.

कागद आता माझ्याकडे ठेवण्यात अर्थ नव्हता. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ मधल्या मराठी ग्रंथांची सूची केली. पुस्तकांना असा वाली मिळाला. आहेराच्या याद्या, वाण्याच्या वह्या, लग्नपत्रिका, यांची सूची कोण करणार? असं काहीसं मी भारावून बोललो आणि देणगीपत्रावर सही केली. खरं सांगायचं तर सनद गेल्याचं दुःख लपवायला माणसाला काहीतरी उदात्त बोलावंच लागतं. बाईंनी नोंदवहीत दाखल क्रमांक घातला. सवयीनं शिक्काही उचलला होता, पण मास्तर जवळजवळ किंचाळले, तेव्हा तो फक्त पाकिटावर उमटला. घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘झाकणासह तांब्या अजून आहे माळ्यावर. द्यायचा राहिलाय का बघा.’

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी पुस्तक बदलायला गेलो तर देवघेवीच्या टेबलावर एक नारळ. शेंडीसकट, हळदकुंकू लावलेला. वैद्य सकाळीच ठेवून गेले होते. ‘आमचं तेवढं लिहून घ्या,’ म्हणाले म्हणे.

बाई नोंदवही उघडून बसल्या होत्या. ग्रंथ नाही, नियतकालिक नाही, हस्तलिखित तर नाहीच. यादीतली मोकळी जागा भरावी तर मूळ कागदाला हात लावता येत नाही. कार्यवाहांना फोन झाला. कार्यकारी मंडळाच्या बैठकीत ठेवू, असं ठरलं. तोवर नारळ दुर्मीळ विभागाच्या कपाटात, वेखंडाच्या पुरचुंडीशेजारी. बैठक पुढच्या महिन्यात आहे, आणि फळ्यावर अजून ‘चहा आहे’ लिहिलेलंच आहे.