कासवाची चाल आणि पालकांची घाई

सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये अमेरिकेत ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा घडवली, तेव्हा सहा वर्षांच्या मुलाला पगाराचे पॅकेज मिळवून देण्याचा विचार त्यांच्या मनाला शिवला नसावा, ही त्यांची मोठीच उणीव म्हटली पाहिजे. या भाषेत पुढे आलेले ‘कासव’, म्हणजे आज्ञेबरहुकूम सरकत मागे रेघ सोडणारी पडद्यावरील खूण, भलतेच बिनकामाचे उद्योग करवून घेते. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असतो हे घोकलेले मूल ‘१०० पावले पुढे जा, ६० अंश उजवीकडे वळ’ असे कासवाला तीनदा सांगते आणि पडद्यावर उमटतो तो अर्धा षट्कोन. मग ते उठून स्वतःच फरशीवर कासवासारखे चालून पाहते आणि वळायचे ते १२० अंशांतून, हे त्याच्या पायांना आधी व डोक्याला नंतर उमगते. आपल्याकडील कोडिंगच्या शिकवण्यांना हा अर्धा षट्कोन परवडत नाही, कारण त्याचे प्रमाणपत्र छापता येत नाही. तेथे आज्ञेचा कोणता ठोकळा पडद्यावर कोठे ओढायचा ते शिक्षक सांगतो, मूल तो ओढते आणि तासाअखेर ‘ॲप’ सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झळकते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) कोडिंग सहावी ते आठवीच्या टप्प्यावर सुचवले आहे, पण बालवाडीतच मागे पडल्याची धास्ती घेतलेल्या पालकांना तेवढा धीर कोठला! ठोकळे जोडून आज्ञावली रचण्याची ‘स्क्रॅच’ ही भाषा २००७ पासून विनामूल्य उपलब्ध आहे, एवढी माहिती मात्र हप्त्यांनी फी घेणाऱ्यांच्या जाहिरातीत सहसा आढळत नाही.