आमच्या घरी चाकू नाही

मे महिन्यातल्या एका रविवारी मेहुण्याने देवगडहून आंब्याची पेटी पाठवली आणि तिची सुतळी कापायला घरात काही सापडेना. विळी धार लावायला गेली होती. कात्री मुलीच्या प्रोजेक्टबरोबर तिच्या मैत्रिणीकडे होती. एकुलती एक सुरी गेल्या आठवड्यात कोथिंबिरीच्या काड्यांबरोबर केरात गेली असावी, असा सर्वांचा समज आहे.

आणि आमच्या घरात सत्तावीस चाकू आहेत.

‘‘अरे, मग तुझ्या त्या कपाटातला काढ की एखादा खटक्याचा,’’ आत्या म्हणाली. ती चार दिवसांसाठी राहायला आली होती, तिला काय माहीत! बायको काहीच बोलली नाही. तिचा आणि कपाटाचा चौदा वर्षांचा परिचय आहे. नवा चाकू कुरियरने येतो तेव्हा त्याचं खोकं मी स्कूटरच्या किल्लीने फोडतो, हे तिने अनेकदा पाहिलंय.

मी कपाट उघडलं. वरच्या खणात बोवी.

मिसिसिपी नदीतल्या एका वाळूच्या पट्ट्यावर १९ सप्टेंबर १८२७ रोजी दोन गृहस्थांचं द्वंद्व ठरलं होतं. दोघांनी दोनदा पिस्तुलं झाडली, दोन्ही वेळा दोघांचे नेम चुकले, मग दोघांनी हात मिळवले आणि प्रकरण मिटलं. पण बरोबर आलेल्या मंडळींचं काही मिटेना. नवरा-नवरी राजी आणि मांडवात वऱ्हाडी हमरीतुमरीवर, अशातली गत. त्या वऱ्हाडात जिम बोवी होता. त्याला गोळ्या लागल्या, गुप्तीचे वार बसले, तरी त्याने आपल्या सुऱ्याने एकाला कायमचा आडवा केला आणि वर स्वतः जगला. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं? जो तो बोवीसारखा सुरा मागू लागला. पुढे इंग्लंडातल्या शेफील्डचे कारखानदार ते खास अमेरिकेसाठी ढिगाने बनवू लागले. बोवी स्वतः १८३६ मध्ये अलामोच्या लढाईत मारला गेला, त्यामुळे नमुना पसंत करायला तो नव्हता.

आज बोवी म्हटला की टोकाकडे पाठ चंद्रकोरीसारखी खालवलेला सुरा डोळ्यांपुढे येतो. जिमच्या भावाने मात्र १८३८ मध्ये लिहून ठेवलं की तो सुरा शिकारीसाठी आपणच करवून घेतला होता, पातं सव्वानऊ इंच होतं आणि चांगलं सरळ होतं. म्हणजे ज्या चंद्रकोरीवर मी दोन महिन्यांचं विजेचं बिल उधळलं, ती बोवीच्या गावीही नव्हती! शिवाय आपल्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांना परवाना सांगितलाय. घरकामाची आणि शेतीची अवजारं तेवढी सुटली आहेत. मूळ बोवी आपल्याकडे पाव इंचाने अडकला असता, आणि आजेसासूबाईंची विळी, जिच्या नुसत्या दर्शनाने मला घाम फुटतो, ती मात्र राजरोस ओट्यावर बसली असती. माझा बोवी सहा इंची आहे. तरीही ज्याच्यामागे अलामो आहे त्याने सुतळी कापायची हे मला बघवेना. ठेवून दिला.

‘‘मिळाला का रे?’’ बाहेरून आत्या.

दुसरा लायोल. हे दक्षिण फ्रान्समधल्या एका गावाचं नाव. तिथे १८२९ मध्ये काल्मेल्स नावाच्या कारागिराने हा चाकू घडवला, असं मानतात. मुठीच्या पाठीवर मधमाशी असते. ती नेपोलियनने बहाल केली, असं मला विक्रेत्याने हात जोडून सांगितलं होतं. नेपोलियन १८२१ मध्ये वारला. हा हिशेब मी पैसे दिल्यावर केला. लायोल हे नाव कोणीही कुठल्याही चाकूवर घालतो. आपल्याकडे पेटीवर देवगड आणि आत कानडी वर्तमानपत्र असतं, तसंच. पुढे एका बाहेरच्या व्यापाऱ्याने ते नाव नाना वस्तूंसाठी स्वतःच्या नावावर नोंदवूनही टाकलं, तेव्हा २०१२ मध्ये गावकऱ्यांनी निषेध म्हणून गावाची पाटीच उतरवली. माझा लायोल कुठला, हे मला ठाऊक आहे आणि मी ते कोणाला सांगणार नाही. सुतळीवर त्याचं पातं वाकलं असतं आणि सगळं उघड झालं असतं.

तिसरा ओपिनेल, आठ नंबर. हा माझा जीव की प्राण. सव्वा पानाची गोष्टसुद्धा नाही त्याला. १८९० च्या सुमाराला सॅव्हॉयच्या डोंगरात जोसेफ ओपिनेल या लोहाराच्या पोराने एक लाकडी मूठ, एक पातं असा शेतकऱ्याचा चाकू केला. १८९७ मध्ये त्याचे एक ते बारा नंबर काढले. त्यातला एक नंबर फारच चिमुकला आणि अकरा नंबर दहा-बाराच्या मध्ये उगाच, म्हणून पुढे दोन्ही बंद केले. पातं मिटून बोटं जाऊ नयेत म्हणून गोल फिरणारं कडं बसवलं ते १९५५ मध्ये, तोवर बोटांनी काय केलं असेल ते असो. पण माझा ओपिनेल कार्बन पोलादाचा. आंब्याचा एक थेंब लागला तरी काळा डाग पडतो. ‘‘सुतळी कापायचीय, आंबा नाही,’’ बायको दारातून म्हणाली. पण सुतळी आंब्याच्या पेटीची होती. धोका कशाला पत्करा?

मग स्विस. स्विस सैन्याला बंदूक खोलायला स्क्रू-ड्रायव्हर आणि डबा फोडायला काहीतरी हवं होतं. पण एवढे चाकू देशात कोणाला बनवता येईनात, म्हणून पहिली खेप जर्मनीतल्या झोलिंगेनहून आणावी लागली. कार्ल एल्सनरला याचा राग आला, आणि १८९१ मध्ये त्याने सैन्याला देशी चाकू पुरवले. १८९७ मध्ये त्याने अधिकाऱ्यांसाठी नाजूक चाकू काढला, त्यात बूच काढायचा मळसूत्री काटाही. सैन्याने तो सरकारी खर्चात घेतला नाही. अधिकाऱ्यांनी आपल्या पैशांनी घेतला. आमच्या घरातल्या एकमेव बाटलीत काढा असतो आणि तिला प्लास्टिकचं झाकण आहे. तरी या स्विसला मी कामाला लावायला तयार होतो. फक्त मोठं पातं उघडेना. काट्याने नख तुटलं.

उरला बार्लो. टॉम सॉयरला बायबलमधली वचनं पाठ केल्याबद्दल मिळालेला साडेबारा सेंटचा चाकू तो हाच. त्याने काहीही कापत नाही, पण तो खराखुरा बार्लो असतो, यावर टॉम बेहद्द खूश. मार्क ट्वेनने संग्राहकांवर एवढं एकच प्रकरण लिहायला हवं होतं.

बोट चोखत मी बाहेर आलो. पेटी उघडलेली. पेंढा दिवाणखानाभर. आत्याच्या मांडीवर तीन आंबे आणि हातात नेलकटर.

‘‘एकेक पदर कुरतडला,’’ ती म्हणाली. ‘‘पर्समध्ये असतोच. पंढरपूरला घेतला होता. तुझं नखही कापून घे त्याने, आणि मग ठेव हवं तर तुझ्या कपाटात.’’

मी नेलकटर उलटा केला, शिक्का शोधला, उजेडात धरला. ‘‘कुठल्या साली गं? आषाढीला की कार्तिकीला?’’

‘‘तू आधी पेंढा उचल,’’ आत्या म्हणाली.