खटपट्याचा सल्ला

घरात नवीन यंत्र घ्यायचं ठरलं की मराठी मध्यमवर्गीय माणूस दुकानात पाऊल टाकण्याआधी कुणाला तरी विचारतो. हा कुणीतरी प्रत्येक गोतावळ्यात एक तरी असतोच. कुणाचा मेहुणा, कुणाचा चुलतभाऊ, कुणाचा सोसायटीतला शेजारी. पुण्या-ठाण्यात तो बहुधा आयटीत असतो, पण तशी अट नाही. बँकेत, महावितरणात, कॉलेजच्या प्रयोगशाळेतही तो सापडतो. ओळखायची खूण अशी की त्याच्या हातातलं यंत्र कधीच पुरतं तयार नसतं. "जरा अपडेट चाललंय" हे इतर लोक महिन्यातून एखाद्या वेळी म्हणतात, तो रोज जेवायला बसताना म्हणतो. अशा माणसाला खटपट्या म्हणायचं. हा अव्यवहारी असतो, त्याला चार लोकांच्या गरजा कळत नाहीत आणि म्हणून त्याचा सल्ला चुकतो, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो खटपट्यावर अन्याय करणारा आहे. खटपट्याचा सल्ला जवळजवळ कधीच चुकत नाही. तो घेऊ नये हे खरं, पण त्याचं कारण निराळं आहे.

पुराव्यादाखल २००७ साल घेऊ, कारण खटपट्याची बाजू इतकी भक्कम पुन्हा कधी नव्हती. त्या जानेवारीत दोन यंत्रं एकाच आठवड्यात जगापुढे आली. एक ॲपलचा आयफोन, ज्याची बातमी सगळ्यांनी वाचली. दुसरं नोकियाचं एन८००, ज्याची बातमी फक्त खटपट्याने वाचली. नोकिया हे नाव तेव्हा आपल्याकडे घराघरात होतं, पण हे एन८०० फोन नव्हताच. सिमकार्ड घालायची सोयच नव्हती. खिशात जेमतेम मावणारा, वायफायवर चालणारा तो इंटरनेट टॅब्लेट होता; आत डेबियन लिनक्सवर बेतलेली माएमो नावाची प्रणाली, आणि त्याआधी २००५ च्या शेवटी आलेलं नोकिया ७७० हा त्याचा थोरला भाऊ. आता तुलना बघा. आयफोनचा पडदा ३२० बाय ४८० ठिपक्यांचा, एन८००चा ८०० बाय ४८०, म्हणजे बरोबर अडीचपट. आयफोनमध्ये मेमरी कार्ड घालायची सोय नाही, एन८००मध्ये एक सोडून दोन खाचा. आयफोनवर बाहेरचं सॉफ्टवेअर टाकायला परवानगी नाही, एन८००वर कुणाची परवानगी मागावीच लागत नाही. आयफोनवर एका ठिकाणचा मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवता येत नसे. ती सोय २००९च्या जूनमध्ये आली. एन८०० ३९९ डॉलरला. आयफोन ४९९ किंवा ५९९ डॉलर आणि वर दोन वर्षं एकाच मोबाइल कंपनीशी संसार. त्याच साली सप्टेंबरात फोन नसलेला आयपॉड टच आला, म्हणजे सामना बरोबरीचा झाला. तर त्यात ईमेल आणि नकाशे नव्हते. ते पुढच्या जानेवारीत ॲपलने जुन्या गिऱ्हाइकांना वीस डॉलर घेऊन दिले. हा वीस डॉलरांचा किस्सा खटपट्या आजही सांगतो. कुणी विचारलं नसलं तरी सांगतो.

तर कागदावर त्याचं सगळं खरं होतं. मग घोडं कुठे पेंड खात होतं? गिऱ्हाइकाने विचारलेलं असतं, "यावर मला गाणी ऐकायची आहेत, मेल बघायची आहे, कुठलं घेऊ?" खटपट्या उत्तर देतो ते वेगळ्याच प्रश्नाचं. यंत्राकडून काय काय करवून घेता येईल, हे तो सांगतो. तयार फ्लॅट शोधणाऱ्याला एखाद्याने नदीकाठचा एन.ए. प्लॉट दाखवावा, तसा हा प्रकार. प्लॉट स्वस्त असतो, मोठा असतो, कायदेशीर असतो, तिथे चारमजली इमारत उठू शकते, हे सगळं मान्य. पण गिऱ्हाइकाला या महिनाअखेर राहायला जायचं असतं. खटपट्या हे जाणूनबुजून करत नाही. त्याला खरोखरच प्लॉट दिसला की त्यावर इमारत दिसायला लागते. वीट कोण आणणार हा प्रश्न त्याच्या डोक्यात येत नाही, कारण वीट आणण्यातच त्याला मजा असते.

ही मजा जरा जवळून बघण्यासारखी आहे. एन८००मध्ये सॉफ्टवेअर टाकण्यासाठी एक शहाणासुरता प्रोग्राम होता. तो सामान्य माणसाला धोक्याच्या वस्तू दाखवत नसे. पण नोकियाच्या इंजिनिअरांमध्येही खटपटे असणारच. त्यांनी एक चोरवाट ठेवली होती. नवा कॅटलॉग जोडायच्या खिडकीत पत्त्याच्या जागी 'मॅट्रिक्स' लिहायचं आणि मग पुढे जायचं सोडून 'रद्द करा'वर टिचकी मारायची. लगेच यंत्र विचारत असे, लाल गोळी घेणार की निळी? त्या नावाच्या सिनेमात होतं तसंच. लाल गोळी घेतली की दडवलेली सगळी पॅकेजं उघडी पडत, आणि त्यातलं नको ते निवडलं की यंत्र सुरू व्हायचं बंद होई. मग ते यूएसबीने संगणकाला जोडायचं, टर्मिनल उघडून कमांड द्यायची आणि कोरी प्रणाली पुन्हा भरायची. याला फ्लॅश करणं म्हणत. पडद्यावर निळी रेघ सरकत शेवटाला पोचली, यंत्र जिवंत झालं, की खटपट्याच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आल्याचं समाधान. आदल्या दिवशी दुपारी यंत्र याच अवस्थेत होतं, हे त्याच्या लक्षात आणून देऊ नये. लोक आनंदासाठी यापेक्षा महागाच्या गोष्टी करतात. वाईट एवढंच की हा आनंद सगळ्यांना हवा असतो असं तो धरून चालतो, आणि गोळी कुठली घ्यायची हे आत्यालाही शिकवायला बसतो.

आत्याचं उदाहरण कल्पनेतलं आहे, पण अशा आत्या तेव्हा गावोगाव होत्या. समजा साल २०१०, मुलगा न्यू जर्सीत, नातू आठ महिन्यांचा, आणि आत्याची मागणी एकच: तोंड दिसलं पाहिजे. खटपट्याने तिला नोकिया एन९०० सुचवला असता, आणि गंमत म्हणजे तो सल्लाही बिनचूक ठरला असता. २००९च्या अखेरीला आलेलं हे माएमो घराण्यातलं पहिलं सिमकार्ड घेणारं यंत्र. त्याला पुढचा कॅमेरा होता, आणि मे २०१०च्या अपडेटनंतर त्यावर स्काइपचे व्हिडिओ कॉल खरोखर होत असत. सरकता कीबोर्ड, ३२ जीबी साठा, टीव्ही लांबून चालवता येईल असा इन्फ्रारेड दिवा, गाणी शेजारच्या रेडिओवर ऐकवणारा एफएम ट्रान्समीटर. एवढ्या यादीत साधा एमएमएस मात्र नव्हता. तो पुढे हौशी लोकांनीच लिहून काढला. पडदा बोटाच्या स्पर्शाने चालणारा नव्हता, दाबाने चालणारा होता. म्हणजे नखाने किंवा सोबतच्या काडीने टोचायचं. बहुतेक कामं फोन आडवा धरूनच. आणि चार्जिंगचं मायक्रो यूएसबीचं तोंड बोर्डावरून निखळण्याबद्दल तर हा फोन त्याच्या चाहत्यांतच प्रसिद्ध होता. तोंड निखळलं की खटपट्या बॅटरी बाहेर काढून चिमट्याच्या चायनीज चार्जरला लावी आणि म्हणे, "बघा, आयफोनची बॅटरी अशी निघते का?" निघत नसे, हेही खरं. पण आत्याने चिमटा हाताळायचा की नातू बघायचा? २०११त कॅमेरे असलेला आयपॅड २ आला. तो मुलाने पाठवला आणि आत्या हॉलभर नातू घेऊन फिरू लागली. खटपट्याने त्यातही खोट काढली की याला मेमरी कार्ड लागत नाही. आत्याने विचारलं, लावून काय करू?

यावर खटपट्याच्या बाजूने तीन आक्षेप येतात आणि तिन्ही वजनदार आहेत. पहिला असा की आज सर्वांच्या हातात जे फुकट आलंय, ते आधी याच लोकांनी हट्टाने मागितलं होतं. हे निर्विवाद आहे. आयफोन बाजारात आला जून २००७च्या अखेरीला, आणि बाहेरच्या लोकांनी त्यासाठी वेब पानंच लिहावीत असं ॲपलने तेव्हा सांगितलं होतं. काही आठवड्यांत खटपट्यांनी त्याचं कुलूप तोडलं आणि स्वतःचे प्रोग्राम आत घातले. ऑक्टोबरात ॲपलने जाहीर केलं की बाहेरच्यांना अधिकृत साधनं देऊ. जुलै २००८ मध्ये सुमारे पाचशे ॲप घेऊन ॲप स्टोअर उघडलं. कुलूप तोडल्यामुळेच दार उघडलं असं शपथेवर सांगता येणार नाही, पण आत जायला लोक किती उतावीळ आहेत हे ॲपलला दिसलं असणारच. मात्र यातून सिद्ध काय होतं? खटपट्याला भविष्य कळतं, एवढंच. गिऱ्हाईक आजचं असतं. शिवाय भविष्यही त्याला सगळंच कळत नाही. २००८ ते २०१० या काळात त्याचा हुकमाचा एक्का होता ॲडोबीचं फ्लॅश, म्हणजे वेब पानांवर व्हिडिओ चालवणारं तंत्र: आमच्या टॅब्लेटवर फ्लॅशचे व्हिडिओ चालतात, आयफोनवर चालत नाहीत. २०११च्या नोव्हेंबरात ॲडोबीनेच मोबाइलवरचं फ्लॅश बनवायचं थांबवलं. वादात तो जिंकला होता, पण ज्या गोष्टीवरून जिंकला तीच उरली नाही.

दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा. बंद यंत्र कंपनीच्या मर्जीने म्हातारं होतं, उघडं यंत्र मालकाच्या मर्जीने. पहिल्या आयपॉड टचची प्रणाली ३.१.३ या आवृत्तीवर २०१०मध्ये जी थांबली ती थांबलीच. उलट एन९००साठी माएमो लेस्ते नावाची प्रणाली स्वयंसेवक अजून चालवतात, आणि नोकियाने २०११च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टशी सोयरीक जुळवून आपली वाट बदलली तरी त्या लोकांनी यंत्र टाकलं नाही. हा आक्षेप मला सगळ्यांत जास्त पटतो. फक्त त्यातला 'मालक' कोण ते नीट बघायला हवं. मोकळीक घोषित झाली म्हणून ती प्रत्येकाला वापरता येते असं नाही. खुद्द नोकियानेसुद्धा ७७०च्या मालकांना नवी प्रणाली अधिकृतपणे दिली नाही. 'हॅकर एडिशन' अशी पाटी लावून, जबाबदारी तुमची, असं म्हणून पुढे सरकवली. ज्यांना जमलं त्यांचं यंत्र तरुण राहिलं, बाकीच्यांचं खणात गेलं. शिवाय माएमोही सगळी उघडी नव्हतीच. बॅटरी चार्ज करणारा भाग बंद कुलपातच होता. तेव्हा आपला हात जगन्नाथ हे ठीक, पण त्यासाठी हात खटपट्याचा लागतो, आणि तो सल्ल्यासोबत मिळत नाही. तो रविवारी येतो, चहा घेतो, आणि नंतरचे सहा दिवस यंत्र आणि आपण.

तिसरा आक्षेप खटपट्या स्वतः घेतो आणि तो जरा विजयी मुद्रेने घेतो. शेवटी जिंकलं कोण? अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचं कर्नल आहे. भाजीवाल्यापासून कलेक्टरपर्यंत कोट्यवधी लोक खिशात लिनक्स घेऊन हिंडतात. बरोबर. पण हिंडणाऱ्यांना त्याची गंधवार्ता नाही, टर्मिनल त्यांनी जन्मात पाहिलेलं नाही, आणि म्हणूनच ते हिंडतात. लिनक्स घरोघर पोचलं ते खटपट्याला दाराबाहेर ठेवून. हे त्याला सांगितलं की तो थोडा गप्प होतो. मग म्हणतो, "बूटलोडर अनलॉक करता येतो पण."

म्हणजे खटपट्या निरुपयोगी असं कुणी समजू नये. त्याला विचारायची वेळ वेगळी असते, एवढंच. खरेदीच्या आधी विचारू नये. यंत्र मेल्यावर विचारावं. गेलेल्या वडिलांचे फोटो अडकलेला फोन, पासवर्ड विसरलेला लॅपटॉप, कंपनीने "नवीन घ्या" म्हणून परत पाठवलेला टॅब्लेट, हे घेऊन त्याच्याकडे गेलं तर तो पैसे घेत नाही, जेवायलाही थांबत नाही, आणि पहाटे कधीतरी सगळे फोटो तीन वेगवेगळ्या फोल्डरमध्ये पाठवतो. दुकानदार हे करत नाही. ॲपलचं झगमगीत दालन तर मुळीच करत नाही. ज्या आडमुठ्या हट्टापायी त्याचा सल्ला कुचकामी ठरतो, त्याच हट्टामुळे हे फोटो परत मिळतात. एक ठेवून दुसरं काढून टाकता येत नाही.

सध्या तो पाइनफोन वापरतो. दीडशे डॉलरला घेतलेला, लिनक्सवर चालणारा, मागचं झाकण काढलं की आत सहा बारीक बटणांची रांग: मोडेम, वायफाय-ब्लूटूथ, माइक, मागचा कॅमेरा, पुढचा कॅमेरा आणि हेडफोन, प्रत्येकाची वीज वेगळी तोडता येते. गुप्ततेच्या दृष्टीने इतकी चोख व्यवस्था नेहमीच्या महागड्या फोनमध्ये मिळणार नाही, असं तो म्हणतो, आणि नेहमीप्रमाणे ते बरोबर आहे. त्याला काही विचारायचं असेल तर मात्र त्याच्या बायकोच्या नंबरवर फोन करावा.