दाखवायचे दात

बन्नूर हे म्हैसूरजवळच्या गावाचं नाव आमच्या फलटण भागात आधी मेंढपाळांना ठाऊक झालं, बाकीच्यांना नंतर. फलटणच्या निंबकर संस्थेने जुळी कोकरं देणारी ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली, तिच्यात बंगालच्या गारोल आणि आपल्या दख्खनीबरोबर बन्नूरचंही रक्त आहे. त्यामुळे जावईबापूंची बँकेतून बन्नूरला बदली झाली तेव्हा माझा चुलतभाऊ म्हणाला, “पोरीनं नशीब काढलं. तिथल्यासारखं मटण नाही.” बन्नूर हे पुरंदरदासांचे गुरू व्यासतीर्थ यांचं जन्मगाव आहे, सोमनाथपूरचं होयसळ मंदिर तिथून हाकेच्या अंतरावर आहे, असं मी त्याला सांगून पाहिलं. त्याने पुन्हा मटणाचाच विषय काढला.

आम्ही नवरा-बायको बन्नूरला पोचलो आणि पहिल्याच जेवणात मी अडाणी ठरलो. ताटात नाचणीचा मुद्दे आला, टेनिसच्या चेंडूएवढा. मी तोडून चावायला लागलो, तर खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण अज्जी हसून हसून बेजार. मुद्दे चावायचा नसतो. घास मोडायचा, सारात बुडवायचा आणि थेट गिळायचा. वरची कवळी बसवलेल्या माणसाला याहून उत्तम अन्न नाही, हे मी त्याच दिवशी ओळखलं. दातांवाचून माणसाचं अडू नये याची या मुलखाने पूर्वापार तजवीज करून ठेवली आहे. आणि दात जावेत याचीही. चहूकडे कावेरीच्या पाण्यावरचा ऊस, शेजारी मंड्याचा १९३३ सालचा साखर कारखाना, आणि घरोघरी अच्चु बेल्ल, म्हणजे साच्यातल्या गुळाच्या वड्या. अज्जींच्या कनवटीला एखादी वडी कायमच असायची.

नातू तेव्हा वर्षाचा होत आला होता. तोंडात दात चार, खाली दोन, वर दोन. तेवढ्यांच्या जोरावर तो घरातल्या प्रत्येकाला चावून झाला होता. एका संध्याकाळी लेक म्हणाली, “आप्पा, शनिवारी म्हैसूरला जायचंय. बाळाला दातांच्या डॉक्टरांना दाखवायचंय.”

“अगं बाई! काय झालं?” हिच्या हातातली वाटी पडायचीच राहिली.

“काही झालं नाही, म्हणूनच.”

हे उत्तर आमच्या पिढीच्या पचनी पडणारं नव्हतं. डॉक्टरकडे जायला काहीतरी व्हावं लागतं, आणि दातांच्या डॉक्टरकडे जायला जे झालंय ते सोसेनासं व्हावं लागतं. आधी लवंग, मग कापूर, मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मग दुसऱ्या बाजूने चावणं. दुसरी बाजूही गेली की मग डॉक्टर. जावईबापूंनी मनातल्या मनात फीला चाराने भागलं. भागाकार चेहऱ्यावर उमटला, पण बोलले नाहीत. शहाणे आहेत.

अज्जी मात्र बोलल्या. “हालु हल्लु! बिद्दु होगुत्ते!” दुधाचे दात, पडून जातात. एवढं सांगून त्यांनी नातवाच्या मुठीत गुळाचा तुकडा कोंबला.

शुक्रवारी दारातच एक सौदा झाला. अज्जींचा धाकटा मुलगा मेंढ्या पाळतो. बकरी ईद तोंडावर आली होती आणि गिऱ्हाईक म्हैसूरहून आलं होतं. बन्नूरचा मेंढा ठेंगणा, आखूड पायांचा, पाठीने सपाट. तो लाजल्यासारखा उभा होता. गिऱ्हाइकाने पाठ चाचपली आणि लगेच अंगठ्याने खालचा ओठ खाली ओढला. मेंढीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, नुसती टणक गादी असते. सगळा हिशेब खालच्या आठांचा. कोकराचे आठही बारीक असले की ते आदत. वर्ष-सव्वावर्षात मधले दोन पडून रुंद दात आले की दोनदाती, मग चारदाती, आणि आठही बदलले की जुळलं. कुर्बानीचं जनावर सहसा वर्षाचं तरी भरावं लागतं, आणि मेंढ्याच्या जन्माचा दाखला त्याच्या तोंडातच असतो. गिऱ्हाइकाने पाहिलं, त्याच्या मेव्हण्याने पाहिलं, मोबाइलची बॅटरी लावून पुन्हा पाहिलं. अज्जींनीही चष्मा लावून पाहिलं, जणू मेंढा त्यांच्या घरचा नव्हताच. मीही वाकून पाहिलं, कारण फलटणच्या माणसाला राहवत नाही.

हे चाललं असताना अज्जींची पाच वर्षांची नात खांबाला टेकून खिदळत होती. वरचे पुढचे चारही दात हिरडीजवळ तपकिरी होऊन झिजलेले, दोहोंचे तर नुसते खुंट उरलेले. खालचे मात्र धड. उसाचं कांडं ती दाढेनेच सोलायची, तेही एकाच बाजूने. त्या अंगणात तोंडं बरीच होती, पण बॅटरी एकाच्याच तोंडात पडली.

म्हैसूरच्या डॉक्टरीणबाई लेकीच्याच वयाच्या. त्यांनी स्वतःची खुर्ची लेकीच्या खुर्चीसमोर ओढली, गुडघ्याला गुडघे भिडवले आणि बाळाला त्या दोन मांड्यांच्या पुलावर उताणं निजवलं. डोकं त्यांच्या मांडीवर, पाय आईच्या कमरेला. बाळाने टाहो फोडला. “छान,” बाई हिंदीत म्हणाल्या, “रडलं की तोंड उघडतं. मला तेच हवंय.” मिनिटाच्या आत काम आटोपलं. दात स्वच्छ होते. नंतरचा अर्धा तास आमची झडती झाली.

“रात्री बाटली तोंडात ठेवून झोपतो?”

ही छताकडे पाहू लागली.

“साखर घालून?”

जावईबापू छताकडे पाहू लागले. छतात पाहण्यासारखं काही नव्हतं.

झोपेत लाळ आटते, त्यामुळे गोड दूध वरच्या पुढच्या दातांभोवती रात्रभर साचून राहतं. खालच्या दातांवर जिभेचं पांघरूण असतं, म्हणून ते बचावतात. अंगणातल्या पोरीच्या तोंडाचा मला तिथे उलगडा झाला. पुढचा प्रश्न चमच्याचा. भात गरम आहे का ते चाखून तोच चमचा बाळाच्या तोंडात कोण घालतं? दातांची नासाडी करणारे जंतू बाळ जन्मताना घेऊन येत नाही, मोठ्यांच्या लाळेतून त्याच्यापर्यंत पोचतात. “म्हणजे आप्पांची दाढदुखी वारसाहक्काने?” जावईबापूंनी विचारलं. बँकेतल्या माणसाला नॉमिनेशन चटकन कळतं.

आता मी अज्जींची बाजू मांडायचं ठरवलं. म्हटलं, “अहो, दुधाचेच तर दात. पडायचेच आहेत.”

बाईंनी हे वाक्य दिवसातून कितीदा ऐकलं असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. “सगळे वीस दात पडायला बारावं वर्ष उजाडतं,” त्या म्हणाल्या. “मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत चावायला लागतात. तोवर पोराने काय करायचं?” मुद्दे गिळायचा, असं माझ्या ओठांवर आलं होतं. शिवाय दुधाचा दात म्हणजे एसटीच्या सीटवर खिडकीतून टाकलेला रुमाल. रुमाल वेळेआधी उडाला की शेजारचे सरकून बसतात, आणि ज्याची जागा होती तो कायमचा दात पुढे वाकडातिकडा उभा राहतो. मग तारा बसवा. आणि सगळ्यांत मोठी फसगत सहाव्या वर्षी होते. दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. काही न पाडता, काही न दुखवता येते, म्हणून आईबापांना ती दुधाचीच वाटते, आणि जन्माची सोबतीण वर्षा-दोन वर्षांत किडते.

फ्लोराइडची टूथपेस्ट पहिल्या दातापासून, पण तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढीच. मग सहापर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर नागमोडी पेस्ट दाखवतात ती ब्रशला शोभून दिसावी म्हणून असावी. घासायचं मोठ्यांनी, पोर सात-आठ वर्षांचं होईस्तोवर. रात्रीचं घासणं चुकवायचं नाही. आणि गूळ? बाई हसल्या. “किती खाल्ला यापेक्षा किती वेळा खाल्ला ते सांगा.” दर खाण्यागणिक तोंडात आम्ल तयार होतं, ते निवळायला लाळेला अर्धा-पाऊण तास लागतो. तासातासाला चिमूट चिमूट गूळ दिला तर लाळेला सवड कधी मिळणार?

अज्जींना हे सगळं कानडीतून समजावणं लेकीच्या वाट्याला आलं. अज्जींचं म्हणणं, दातात किडा असतो, जत्रेतला माणूस नळी लावून तो काढून दाखवतो. पियरे फोशार नावाच्या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली आपल्या ग्रंथात हा किडा खोडून काढला होता. ती बातमी बन्नूरच्या वाटेवर कुठेतरी अडकलेली दिसते. पण “मेंढ्याचं तोंड बघता, पोरीचं का नाही?” हा एक प्रश्न अज्जींना लागला. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी नातीला घेऊन जीपमध्ये बसल्या.

पोरीच्या दोन दाढांवर स्टीलच्या चकचकीत टोप्या बसल्या. तेव्हापासून ती गल्लीत कुणालाही थांबवून ‘आ’ करते. परिणाम असा की बाकीच्या पोरांनीही चांदीच्या दाढांचा हट्ट धरला आहे, आणि त्यांच्या आया, तुला गरज नाही हे पटवून द्यायला, संध्याकाळी बॅटऱ्या घेऊन त्यांच्या तोंडात डोकावत बसतात. दोघांच्या तोंडांत काळे डाग सापडले, ते ऐटीत म्हैसूरला गेले. समोरच्या घरातल्या मुलाच्या तोंडात शोधून शोधून काहीच सापडलं नाही. तो दिवसभर फुरंगटून बसला होता आणि रात्री ब्रश दिसताच पलंगाखाली शिरला.