रडवण्याची हमी

हान्या यानागिहारा यांची ‘अ लिटल लाइफ’ ही सातशेहून अधिक पानांची कादंबरी २०१५च्या बुकरच्या अंतिम यादीत होती. न्यूयॉर्कमधले चार मित्र: वकील, नट, चित्रकार, वास्तुरचनाकार. चौघंही यशस्वी, घरं देखणी, जेवणावळी त्याहून देखण्या. लेखिकेची खास मर्जी वकील ज्यूडवर. त्याची एक जखम भरत आली की दुसरी हजर! निम्म्यावर पोचल्यावर मी ज्यूडपेक्षा उरलेल्या पानांकडे बघूनच जास्त हळहळलो. चाहते मात्र मोबाइलसमोर डोळे पुसत शिफारस करतात. जितके रुमाल भिजतील तितकं साहित्य थोर. अमेरिकी आवृत्तीच्या मुखपृष्ठावर कळवळलेला पुरुष आहे. पीटर हुजार यांचं ते छायाचित्र वेदनेचं नाहीच, रतिसुखाच्या ऐन क्षणाचं आहे.