नानांचा डुको

पार्किंगमधल्या कुठल्याही गाडीवरून नाना आधी तळहात फिरवतात, मग मालकाची चौकशी करतात. "मागचं दार रंगवलेलं दिसतंय." मालकाने ती गाडी 'एकही ओरखडा नाही' या बोलीवर जुन्या बाजारातून घेतलेली असली की त्याचा चेहरा उतरतो. मग नाना खिडकीच्या रबराच्या कडेला बसलेली रंगाची भुकटी नखाने दाखवतात. "मास्किंगला आळस केलाय. आमच्या मामाने कानाखाली काढली असती."

मामाचं गॅरेज होतं. विशीतले नाना तिथे स्प्रे गन धरायला शिकले आणि हात बसतोय न बसतोय तोच वीज मंडळात चिकटले. गन सुटली, बॉलपेन आलं. हात थांबला, पण नजर काही थांबली नाही. नोकरीची सगळी वर्षं ती लोकांच्या बॉनेटवर धार लावून घेत राहिली. लग्नात नवरदेवाची गाडी आली की नाना फुलं बाजूला सारून फेंडर बघायचे. आता नजर पोचलीय कुठल्या कुठे आणि हात अजून विशीतच आहे. सगळं दुखणं ते हेच.

निवृत्तीनंतर मेव्हण्याची प्रीमियर पद्मिनी नानांच्या पोर्चमध्ये आली. कुर्ल्याच्या कारखान्यातली, क्रीम रंगाची, दारांच्या तळाशी गंजलेली. "घरीच मारतो," नाना म्हणाले. "हात विसरत नाही."

पहिली चकमक रंगाच्या दुकानात झाली. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, आता टू-के घ्या. हार्डनर घालायचा, काचेसारखं फिनिश." नानांनी विचारलं, "आणि उरला तर?" "उरत नाही काका, डब्यातच घट्ट होतो." घड्याळ लावून संपवायचा रंग नानांना मंजूर नव्हता. त्यांना डुकोच हवा होता. १९२०च्या दशकात अमेरिकेत ड्युपाँटने हा नायट्रोसेल्युलोजचा रंग काढला, तेव्हा गाडी वाळायला लागणारे आठवडे तासांवर आले. आपल्याकडच्या पेंटरांच्या तोंडी कंपनीने ठेवलेलं 'डुको' हे नाव अजून आहे. डुको थिनर उडाला की वाळतो, चुकला तर घासता येतो, पुन्हा मारता येतो. थोडक्यात, माणसाला माफ करतो. त्या पोराला हे सांगेपर्यंत मागे गिऱ्हाइकांची रांग लागली होती.

होळी झाल्यावर काम सुरू झालं. लांबी भरायची, ती वाळली की घासायची, सरफेसर मारायचा, मग ४००चा पाणी-पेपर. मग डोळे मिटून पत्र्यावर तळहात. "इथे खोलगट लागतंय." की परत लांबी. आम्हाला तिथे काहीही लागत नसे. एप्रिल गेला, मे आला, आणि नाना अजून डाव्या फेंडरवरच. मास्किंगला रद्दी घेतली की जुन्या बातम्या वाचण्यात सकाळ जायची; एकदा तर शब्दकोड्याचं पान काचेवर चिकटवून नानांनी ते तिथेच, उभ्याने सोडवलं. काकूंना पोर्चमध्ये बंदी झाली, कारण डोक्याला खोबरेल. तेलाचं बोट पत्र्याला लागलं तर तिथे रंग फाकतो, बारीक खड्डा पडतो. "चाळीस वर्षं डोक्याला तेल लावा म्हणून मागे लागत होतात ना?" काकू म्हणाल्या आणि कुरडया गच्चीवर घेऊन गेल्या.

घाई खरं तर हवी होती. दमट दिवशी डुको मारला तर थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंगावर पांढरट झाक येते. हे नानांनीच आम्हाला चार-चारदा ऐकवलं होतं. तरी प्रत्यक्ष गन हातात घेतली ती मृगाच्या तोंडावर, आभाळ भरून आलेलं असताना.

त्या दिवशी धूळ बसावी म्हणून फरशीवर पाणी मारलं. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं साठलेलं पाणी सोडलं. पुण्याच्या मुलीने कोळशाच्या डब्यांचा मास्क पाठवला होता. मामाच्या वेळी नाकाला ओला रुमाल आणि संध्याकाळी गुळाचा खडा, एवढाच बंदोबस्त असे. मुलीच्या धाकाने नानांनी मास्क चढवला. पण मास्कमधून बोलता येत नाही, आणि बोलल्याशिवाय नानांना रंग मारता येत नाही. "बघ, गन आठ इंचांवर," मास्क खाली. "मनगट वळवायचं नाही, अख्खा हात न्यायचा," मास्क खाली. बोलण्याच्या नादात गन मागच्या दारावर क्षणभर जास्त थांबली आणि हँडलखाली रंगाचा एक ओघळ उतरला.

पांढरट झाक मात्र आली नाही. गाडी सुरेख झाली होती, शपथेवर सांगतो. ओघळ आम्हा कुणाला दिसलाही नसता, पण नाना येणाऱ्या प्रत्येकाला तिथेच आधी नेत. पोस्टमनलाही नेलं. शेवटी दोन हजारचा पेपर साबणाच्या पाण्यात बुडवून ते घासायला बसले आणि घासता घासता खालचा सरफेसर उघडा पडला. म्हणजे अख्खं दार पुन्हा. पावसाळ्यात ते शक्य नाही. शिवाय नवा डबा कालवला की क्रीमची छटा किंचित हलणार, म्हणजे शेजारचं दारही आलंच.

"अहो, गणपतीपर्यंत होईल ना?" काकूंनी दारातून विचारलं. भावाला गाडी दाखवायची होती.

नानांचे डोळे मिटलेले होते, तळहात दारावर.

"यंदाच्या?"